१९ फुटी बंद बॉडीवर घरी केलेले बदल: हवेचा अडथळा कमी करून अ‍ॅव्हरेज वाढतं का?

देवासनाका (इंदूर)

मंडळी, नमस्कार. घरची १९ फुटी आयशर आहे, मागे पत्र्याची बंद बॉडी. इंदूरहून शेव-नमकीनची खोकी भिवंडीला जातात, परतीला मिळेल तो माल, नाहीतर गाडी रिकामी येते. डिझेल नव्वदीच्या पुढे गेल्यापासून भाड्यात उरतं किती, हे इथल्या गाडीवाल्यांना वेगळं सांगायला नको. म्हणून देवास नाक्यावरच्या एका पत्रेवाल्याला हाताशी धरून गाडीच्या तोंडावर आदळणाऱ्या हवेचा बंदोबस्त करायला घेतला. काय केलं आणि का केलं ते सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्याला चाचपडावं लागणार नाही.

आधी हिशेब. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी इंजिनाला लावावी लागणारी ताकद घनाने. माझ्या गाडीचा समोरचा चेहरा, बॉडीसकट, साधारण ७ चौरस मीटर. अशा खोकेवजा गाडीचा विरोधगुणांक (आकारामुळे हवा किती अडते त्याचा आकडा) ०.८ धरला तर नुसती हवा कापायला ताशी ४० ला ४ किलोवॅट लागतात, ६० ला १४ आणि ८० ला ३४. टायरांचा विरोध मात्र वजनावर जातो, वेगाशी त्याचं फारसं देणंघेणं नाही. नमकीन म्हणजे जागा खाणारा, हलका माल. गाडी मालासकट ८ टनांच्या आसपास भरते, तेव्हा सपाट रस्त्यावर ५० च्या अलीकडेच हवा टायरांची बरोबरी करते. रिकामी गाडी ५ टन. तिच्या बाबतीत ही बरोबरी ४० च्याही आत होते. गाडी भरलेली आहे की रिकामी हे हवेला कळत नाही, आणि रिकाम्या फेरीत डिझेल टाकायला भाडं नसतं. माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष द्यायची जागा हीच.

आता काम. बॉडी केबिनपेक्षा दोन-अडीच फूट उंच आहे, म्हणजे केबिनवरून आलेली हवा थेट एका उभ्या भिंतीवर आपटते. केबिनच्या टपावर चौकोनी पाइपाची चौकट बांधली आणि तिच्यावर एसीपी शीट (दोन पातळ अ‍ॅल्युमिनियम पत्र्यांच्या मधे प्लास्टिक) बसवली. दुकानांच्या पाट्यांची जुनी शीट भंगारात स्वस्त मिळते, हलकी असते, गंजत नाही. उतार ठरवायला दोरी वापरली: शीटच्या पृष्ठभागावरून ताणलेली दोरी मागे बॉडीच्या वरच्या कडेला जेमतेम चुकवून गेली पाहिजे. दोरी कडेच्या खूप वर गेली तर ती शीटच नवी भिंत होते, खाली आली तर हवा पुन्हा बॉडीवर आपटते.

दुसरं काम बॉडीच्या पुढच्या दोन उभ्या कडांचं. त्या काटकोनी होत्या. आठ इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून चार भाग केले आणि त्यातला एकेक भाग दर्शनी पत्र्यावर असा बसवला की बाहेरची बाजू बॉडीच्या कुशीशी सपाट येते आणि वळण आत, केबिनकडे जातं. यात रुंदी एक सूतही वाढत नाही, कारण सगळं काम केबिन आणि बॉडीच्या मधल्या फटीत आहे. वरच्या आडव्या कडेलाही तसाच तुकडा लावला.

तिसरं काम त्या फटीचंच. दोन्ही बाजूंनी कन्व्हेयर बेल्टच्या रबरी पट्ट्या सोडून ती अरुंद केली. केबिन हलते, त्यामुळे चार-पाच बोटं जागा मोकळी ठेवावीच लागते.

टपावरच्या कॅरियरवर ताडपत्रीच्या वळकट्या आणि रस्से असायचे, ते सगळं बॉडीत गेलं. खर्च मजुरीसकट पाच-सहा हजारांच्या आत. डायरीत लिटरमागे पाव ते अर्धा किलोमीटर जास्त दिसतोय; आधी सातच्या आसपास मिळत होतं. पाव किलोमीटर धरला तरी जाऊन-येऊन सहाएक लिटर वाचतं. प्रश्न विचारा, दुरुस्त्या सुचवा.

आप्पा_लोहामंडी

बाळा, काम मेहनतीने केलंस, शाब्बास. पण माझी हयात गाड्यांत गेली, माझं ऐक. अ‍ॅव्हरेज उस्तादाच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या, उजव्या पायात असतं. टायरात हवा बरोबर, चाकांचं अलाइनमेंट नीट, एअर फिल्टर साफ आणि गाडी ५५ ला बांधलेली, एवढं कर. पत्रे ठोकून काय होणार? आणि तुझ्या रस्त्यावर घाट किती! मानपूरचा उतार, पुढे बिजासन, मग कसारा. घाटात कुठली आलीय हवा?

देवासनाका

आप्पा, घाटाचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं. ८ टनांची गाडी पाच टक्के चढावर चढवायला जवळजवळ ४,००० न्यूटनचा जोर लागतो आणि ताशी २५ च्या वेगात हवेचा विरोध जेमतेम १५० न्यूटन. तिथे माझी शीट असली काय, नसली काय, सारखंच. पण भिवंडीपर्यंत सगळा घाट नाही ना. खलघाटला नर्मदा ओलांडली की ठीकरी, जुलवानिया, थेट सेंधव्यापर्यंत गाडी एका लयीत चालते. बिजासन उतरल्यावर शिरपूर, धुळे, मालेगाव, तेही तसंच. फायदा त्या पट्ट्यात मिळतो.

आणि वेगाचं तुम्ही म्हणता तेच माझं गणित म्हणतं. ८० वरून ६० ला आलं की हवेची ताकद निम्म्याहून कमी होते. एवढं कुठलाही पत्रा देणार नाही. टायर आणि वेग आधीच सांभाळलेले आहेत, त्यानंतरचं हे काम आहे.

मांडवीकर (बडोदा)

माझी बंद बॉडी नाही, उघडा हौदा आहे, दहाचाकी. बडोदा–गोध्रा–दाहोद–झाबुआ–इंदूर असा रस्ता. येताना बरेचदा रिकामा. काही जण सांगतात मागचा फाळका उघडा टाकून चालवा, हवा आरपार जाते. कुणी करून पाहिलंय का?

पीथमपूर_दुसरी_पाळी

मांडवीकर भाऊ, फाळका बंदच राहू द्या. उघडा ठेवला तर फायदा होत नाही आणि लोंबणारा फाळका मागच्याला घातक आहे. बंद हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून फिरत राहतो आणि वरून जाणारी हवा त्याच्यावरून बऱ्यापैकी घसरते. फाळका उघडला की तो मोडतो. रिकाम्या हौद्याचा खरा उपाय म्हणजे वरून ताडपत्री ताणून बांधणं. ताणून हा शब्द महत्त्वाचा. फडफडणारी ताडपत्री स्वतःच डिझेल खाते आणि आठवड्यात फाटते. मधे दोन-तीन आडवे पाइप टाकून तिला आधार द्या.

आता मूळ धाग्याबद्दल. मी गाड्यांच्या चाचण्यांच्या कामात आहे, म्हणून जरा लांबण लावते. देवासनाका दादांनी जी कामं निवडली, त्यांचा क्रम अगदी योग्य आहे. अमेरिकेत नासाच्या ड्रायडन केंद्रात १९७३ च्या सुमारास हाच प्रयोग झाला होता. एडविन सॉल्ट्झमन नावाचे अभियंते सायकलने कामावर जात. शेजारून ट्रक गेला की हवेचा आधी ढकला आणि मग ओढ अंगाला जाणवायची, त्यावरून त्यांच्या डोक्यात हे आलं. त्यांच्या चमूने एका जुन्या व्हॅनला अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याने मढवून मुद्दाम खोक्यासारखं चौकोनी केलं, मग एकेक कड गोल करत गेले. उभ्या कडा गोल केल्यावर हवेचा विरोध ४० टक्क्यांनी उतरला, आडव्याही केल्यावर निम्म्याहून खाली आला. आतली जागा मात्र तीन टक्क्यांच्या आसपासच गेली. घरी कापलेल्या पत्र्यांनी हे झालं होतं म्हटलं तरी चालेल.

गोलाई किती, हा प्रश्न पुढे येईलच. ट्रकच्या वेगाला बॉडीच्या रुंदीच्या साधारण पाच टक्के त्रिज्या मिळाली की बहुतेक फायदा पदरात पडतो. २.२ मीटर रुंदीला ती ११ सेंटिमीटर होते. आठ इंची पाइप चिरला की त्रिज्या १० येते, म्हणजे नेमकी हवी तिथे. त्याहून मोठी केली तरी फार वाढीव काही मिळत नाही, म्हणून दहा-बारा इंची पाइपाच्या मागे लागू नका.

पण ७ चे सव्वासात झाले हे डायरीवरून मी मानणार नाही, दादा. राग मानू नका. जेठात मालव्यात पश्चिमेचा वारा भणाणत असतो. तुमची गाडी मुंबईकडे, म्हणजे नैर्ऋत्येला, त्याच्या तोंडावर जाते. दिवाळीनंतर तो वारा नसतो. थंडीत हवाही जड, टायर गार. उस्ताद बदलला, माल बदलला, धुळ्याला दोन तास खोळंबा झाला. हे सगळं मिळून तुमच्या सगळ्या पत्र्यांपेक्षा मोठा फरक पाडू शकतं.

देवासनाका

ताई, राग कसला. मग मोजायचं कसं तेच सांगा. माझ्याकडे ना प्रयोगशाळा ना यंत्र.

पीथमपूर_दुसरी_पाळी

दोन रीती आहेत, दोन्ही बिनखर्चाच्या.

एक, जोडीची गाडी. त्याच मॉडेलची, तशाच बॉडीची, जवळपास तेवढ्याच वजनाची दुसरी गाडी, जिला काहीही बदल केलेले नाहीत. दोन्ही एकत्र निघतात, काही मिनिटांच्या अंतराने, पण एकमेकींच्या मागे चिकटून नाही, नाहीतर मागचीला पुढचीचा आडोसा मिळतो. आधी तुमची शीट आणि पाइप उतरवून एक फेरी, मग लावून एक फेरी, मग पुन्हा उतरवून. प्रत्येक वेळी तुमच्या डिझेलचं जोडीच्या गाडीच्या डिझेलशी गुणोत्तर काढायचं. वारा, ऊन, खोळंबा दोघींना सारखाच लागतो, त्यामुळे तो गुणोत्तरातून निघून जातो. मोठ्या कंपन्या ट्रकची चाचणी याच तत्त्वावर घेतात, एसएई जे-१३२१ नावाचं मानकच आहे त्याचं. टाकी दोन्ही वेळी एकाच पंपावर, एकाच नोझलने, गाडी त्याच जागी उभी करून, आणि नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं (पहिला कट) की थांबायचं. वरून थेंब-थेंब भरायचं नाही. भिवंडीच्या एका बाजूला ८५ लिटर जातं असं धरलं तर दोन लिटरची चूकही अडीच टक्के होते, आणि तुम्ही शोधताय पाच टक्के.

दुसरी रीत गाडी सोडून देण्याची. सपाट, मोकळा, सरळ रस्ता, पहाटेची वेळ, वारा पडलेला. इंजिन चालू ठेवून ६० ला न्यूट्रल करायचं आणि ४० ला येईपर्यंत सेकंद मोजायचे. तोच पट्टा उलट दिशेने, म्हणजे रस्त्याचा उतार फिटतो. रिकाम्या ५ टनी गाडीला साधारण ३० सेकंद लागतील. हवेचा विरोध १५ टक्के उतरला तर ३३ च्या आसपास. तीन सेकंदांचा फरक आहे, म्हणून बऱ्याच वेळा करून सरासरी घ्यावी लागते. मागून वाहन येत नाही हे बघायला वेगळा माणूस पाहिजे. हे नसेल जमणार तर करूच नका. पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगपट्टा २०२१ मध्ये सुरू झाला, मोठ्या कंपन्या तिथे हेच करतात. आपल्याला रस्त्यावर करायचं तर सावधगिरी दुप्पट.

मोजणीआधी मात्र एक काम करा. लोकरीचे वीतभर दोरे टेपने शीटवर, बॉडीच्या कडांवर आणि पुढच्या कुशीवर चिकटवा आणि शेजारच्या कारमधून दुसऱ्या माणसाला मोबाइलवर चित्रण करू द्या. दोरा मागे सपाट झोपला तर हवा पृष्ठभागाला धरून चाललीय. गरगर फिरला किंवा पुढे आला तर तिथे ती सुटलीय. दोरीने ठरवलेला उतार बरोबर आहे का, हे तिथेच दिसतं.

रिंगरोडवाला

भिया, ऑनलाइन ते माशाच्या कल्ल्यासारखे प्लास्टिकचे तुकडे मिळतात, बॉडीच्या मागच्या कडेला चिकटवायचे. घेऊ का? महाग नाहीत.

पीथमपूर_दुसरी_पाळी

नका घेऊ. ते गोलसर उतरत्या पृष्ठभागावर हवेला जरा जास्त वेळ धरून ठेवायला असतात, विमानाच्या पंखावर वगैरे. ट्रकची मागची कड काटकोनी. तिथे हवा सुटायचीच, कल्ले असोत वा नसोत. मागच्या बाजूला खरा उपाय म्हणजे बॉडी शेपटीकडे निमुळती करणं. मागे जो कमी दाबाचा खड्डा तयार होतो तो त्याने लहान होतो. पण तसं केलं की दारं उघडायची पंचाईत आणि लांबी वाढणार. घरगुती कामात मागचा भाग सोडून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मांडवीकर (बडोदा)

आणि कुशीच्या खाली, चाकांच्या मधे पत्रे लावतात ते? परदेशी ट्रेलरना सगळीकडे दिसतात.

देवासनाका

तो विचार मी सोडला. त्यांच्या ५३ फुटी ट्रेलरच्या पोटाखाली मोठी मोकळी जागा असते, बाजूचा वारा तिथून आत घुसतो. माझ्या १९ फुटीत चाकांच्या मधे एका बाजूला टाकी, दुसऱ्या बाजूला बॅटरी, टूलबॉक्स, स्टेपनी. उरतं किती? शिवाय आपल्याकडचे गतिरोधक आणि गोदामांचे उतार पाहता महिनाभरात पत्रा फाटून लोंबायला लागेल. चाकांजवळ पत्रा नको याचं आणखी एक कारण ब्रेक. घाट उतरताना ड्रमना वारा मिळालाच पाहिजे. गणपती घाटात काय काय झालंय ते आपण सगळे जाणतो. पाच-सात लिटरसाठी ब्रेकशी खेळ मी कुणालाही करू देणार नाही. तसंच रेडिएटरच्या जाळीपुढे पुठ्ठा लावण्याचं. कारला कुणी करत असेल, भरल्या ट्रकला बिजासन चढताना नको.

कागद_चोख

कुणी कायद्याचं बोललं नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२: नोंदणीपुस्तकातला तपशील बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर कडक भूमिका घेतली आहे. समोरचे बुलबार (बंपरपुढचे लोखंडी गार्ड) याच कलमाखाली येतात, डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने तसं सगळ्या राज्यांना कळवलं. ज्यांच्या गाडीला अजून असेल त्यांनी काढा, हवेचा अडथळा जाईल आणि दंडही टळेल.

शीट आणि गोलाई लावताना रुंदी, लांबी, उंची नोंदीबाहेर जाता कामा नये. शीट बॉडीच्या माथ्यापेक्षा खालीच ठेवा. दिवे, नंबर, परावर्तक पट्ट्या झाकू नका. बाजूचे आणि मागचे संरक्षक पाइप कापू नका, ते स्कूटरवाल्याला चाकाखाली जाण्यापासून वाचवतात. आणि काम करण्याआधी आरटीओत जाऊन विचारा, फिटनेसच्या दिवशी वाद घालण्यापेक्षा ते बरं. अपघात झाला तर विमा कंपनी सगळ्यात आधी फेरफारच शोधते.

देवासनाका

हे फार बरं झालं लिहिलंत. शीट बॉडीच्या माथ्याच्या बरीच खाली आहे. रिव्हेटवर मात्र मी भरवसा ठेवलेला नाही. शीटच्या चारही बाजूंना नटबोल्ट, मोठे वायसर, लॉकनट आणि वरून चौकटीला बांधलेली तारेची दोरी. एवढी शीट हायवेवर सुटून मागच्या मोटारसायकलवाल्याला लागली तर आयुष्यभर पुरेल. दर फेरीला निघताना उस्ताद हाताने हलवून बघतात.

उस्ताद_निमाड

मी चालवतो, मालक नाही. अशीच शीट लावलेली गाडी काही महिने माझ्या हाताखाली होती. डिझेलचं मालकालाच माहीत, पण समोरून लक्झरी बस आली की गाडी पूर्वी जशी ढकलली जायची तशी कमी ढकलली जाते. केबिनमध्ये आवाजही उतरतो, रात्री फरक कळतो.

मालकांना एक सांगायचंय. टपावरचा ताज, भोंगे, गोंडे, देवाची चुनरी, हे सगळं हवेच्या नावाखाली उतरवू नका. महिन्यातले पंचवीस दिवस आमचं घर ते आहे. आणि डिझेल वाचलं तर त्यात उस्तादाचा वाटा ठेवा. मग बघा गाडी ५५-६० ला चालते की नाही.

देवासनाका

उस्ताद, मनापासून पटलं. भोंगे शीटच्या आत सरकवले आहेत, आवाज पुढच्या फटीतून निघतो. नाव आणि चुनरी समोर होती तिथेच आहे. काच-दरवाजाजवळच्या चुनरीने डिझेल किती जाणार? मोजताही येणार नाही इतकं. वाट्याचं पुढच्या महिन्यापासून करतो: टाकीच्या हिशेबात वाचलेल्या लिटरचे निम्मे पैसे उस्तादाचे.

आप्पा_लोहामंडी

सगळं वाचलं. ताईंचं जोडीच्या गाडीचं बोलणं मला आवडलं, त्यात कुणाच्या सांगोवांगीचा प्रश्न येत नाही. माझ्या पुतण्याची १९ फुटी आहे, तुझ्याच मॉडेलची, बंद बॉडी, वर काहीही लावलेलं नाही. सोमवारी नाशिकला जाते आहे. देवासनाका, तुझी गाडी बरोबर सोड. भाडं नसेल तर सिन्नरचा एक माल मी लावून देतो, वजन जुळवून घेऊ. बायपासच्या पंपावर पहाटे पाचला.

देवासनाका

आप्पा, येतो. रविवारी शीट आणि पाइप उतरवून ठेवतो, म्हणजे पहिली फेरी नुसत्या गाडीची होईल. बोल्टवर असल्याने काढायला वेळ लागत नाही.

पीथमपूर_दुसरी_पाळी

टायरांची हवा दोन्ही गाड्यांची आदल्या रात्री, टायर गार असताना, एकाच गेजने बघा. तिन्ही फेऱ्यांत उस्ताद ज्याच्या त्याच्या गाडीवर राहू द्या, मधे अदलाबदल नको. चहाला थांबाल तिथे दोघींनी थांबायचं आणि तेवढाच वेळ इंजिन बंद. लिटर, किलोमीटर आणि निघाल्या-पोचल्याची वेळ इथे टाका, गुणोत्तर मी काढून देते.